रोहिणी म्हणजे नळ नव्हे

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील 'रोहिणी' आणि 'नीला' हे दोन शब्द बहुतेकांच्या स्मरणात असतील. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी, हृदयाकडे रक्त आणणारी ती नीला. एवढा फरक लिहिला की दोन गुण मिळत आणि विषय तिथेच संपत असे. पुढे पन्नाशीच्या आसपास तीच रोहिणी 'आर्टरी' हे नाव घेऊन पुन्हा भेटते, आणि त्या वेळी प्रश्न दोन गुणांचा राहिलेला नसतो.

जुने सोबती एकत्र जमले, की कोणाची बायपास झाली, कोणाला स्टेंट बसला, कोण अचानक गेले, याची चौकशी होतेच. त्या बोलण्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक असे : "त्याचे कोलेस्टेरॉल तर अगदी नॉर्मल होते, तरी अटॅक आला." दुसरे अलीकडचे, मोबाइलवरून घरोघर पोचलेले : "कोलेस्टेरॉल हे नुसते भूत उभे केलेले आहे, खरा दोष शरीरातल्या दाहाचा." पहिल्या वाक्यावरून कोणी तपासणीच निरर्थक ठरवतो. दुसऱ्यावरून कोणी वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करतो. दोन्ही वाक्यांत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती निव्वळ असत्यापेक्षा अधिक घातक आहेत.

या गोंधळाच्या मुळाशी एक उपमा आहे. रोहिणी म्हणजे नळ, कोलेस्टेरॉल म्हणजे नळात साचणारा गाळ, आणि हृदयविकाराचा झटका म्हणजे नळ तुंबणे. ही उपमा समजायला सोपी असल्याने डॉक्टरही ती रुग्णाला सांगतात, पण तिने जेवढे समजावले त्याहून अधिक झाकून ठेवले. नळाची भिंत निर्जीव असते, रोहिणीची भिंत जिवंत आहे. तिला अस्तर आहे, स्नायू आहेत. तिला इजा होते आणि ती इजा भरून काढण्याचा ती प्रयत्न करते. शिवाय गाळ नळाच्या पोकळीत साचतो; रोहिणीचा विकार मात्र भिंतीच्या आत, अस्तराखाली वाढतो. अमेरिकेतील शिकागोचे सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ साली दाखवून दिले, की आत विकार वाढू लागला तरी रोहिणी पुष्कळ काळ बाहेरच्या अंगाला फुगून पोकळी मोकळी ठेवते. भिंत रोगाने भरत असते आणि रक्ताची वाट मात्र रुंदच दिसते. ज्या झटक्यांनी घरे हादरतात, त्यांतील कित्येक अशा जागी येतात जिथे वाट फारशी अरुंद झालेलीच नव्हती. मग "महिन्यापूर्वी तपासणी तर चांगली आली होती" हे वाक्य उरते. तपासणीने वाट पाहिलेली असते, भिंत नव्हे.

या भिंतीत काय घडते, यावर वैद्यकाने जवळजवळ पावणेदोनशे वर्षे वाद घातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नात कार्ल फॉन रोकिटान्स्की आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो हे शवविच्छेदनाचे दोन धुरंधर होते. रोकिटान्स्की म्हणत, रक्तातीलच द्रव्ये भिंतीवर साचतात, दाह ही नंतरची गोष्ट. फिर्खो म्हणत, मुळात हा भिंतीचा दाह आहे. 'दाह' हा शब्द इथे शास्त्रीय अर्थाने घ्यायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने त्याची चार लक्षणे नोंदवली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोटात काटा मोडला की ही चारही लक्षणे दिसतात, कारण शरीराचे संरक्षक दल तिथे धावून गेलेले असते. पांढऱ्या पेशी जमतात, परक्या वस्तूला गिळतात, मेलेले पेशीद्रव्य उचलतात, जखम भरून आणतात. काटा निघाला की दल परतते. पण काटा निघालाच नाही तर? रोहिणीच्या रोगाचे सारे दुःख या प्रश्नात आहे.

काटा कोणता, हे विसाव्या शतकाच्या आरंभी कळले. १९१० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ विन्डाउस यांना रोगट महारोहिणीच्या भिंतीत निरोगी भिंतीपेक्षा कितीतरी पट अधिक कोलेस्टेरॉल आढळले. तीनच वर्षांनी, १९१३ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले. सशांच्या रोहिण्यांत माणसासारखाच विकार उभा राहिला. हाच प्रयोग उंदरांवर व कुत्र्यांवर केला तेव्हा तसे घडले नाही. ससा हा गवत खाणारा प्राणी, त्याला चरबी चारली तर आणखी काय होणार, असे म्हणून पुष्कळांनी तो शोध बाजूला सारला. एका खऱ्या गोष्टीची अशी दीर्घकाळ उपेक्षा झाली, हे खेदजनकच म्हणावे लागेल. सूक्ष्मदर्शकाखाली अनिच्कोव्ह यांना त्या भिंतीत नुसते कोलेस्टेरॉल दिसले नव्हते. कोलेस्टेरॉल गिळून फुगलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशीही दिसल्या होत्या. साहित्य आणि दाह ही दोन्ही एकाच काचपट्टीवर होती. पुढच्यांनी मात्र पक्ष वाटून घेतले.

या विकाराचे नावही बोलके आहे. ग्रीक भाषेत 'अथेरे' म्हणजे लापशी, आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे काठिण्य. रोगट भिंत कापली असता आत लापशीसारखा मऊ लगदा निघतो आणि वर घट्ट आवरण असते, म्हणून ॲथेरोस्क्लेरोसिस. हा लगदा कसा तयार होतो, हे आज बरेचसे ठाऊक आहे आणि ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे.

कोलेस्टेरॉल हे मुळात विष नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागते, काही संप्रेरके त्यापासून घडतात, आणि शरीर, विशेषतः यकृत, ते स्वतः बनवते. १९६४ साली कॉनराड ब्लोख आणि फेओडोर लिनेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते शरीर कोलेस्टेरॉल व मेदाम्ले कशी घडवते हे उलगडल्याबद्दल. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते प्रथिनांच्या कवचात बसून प्रवास करते. त्यातील एका प्रकारच्या कणांना एलडीएल म्हणतात. रक्तात हे कण गरजेपेक्षा अधिक झाले, की काही कण रोहिणीच्या अस्तरातून आत शिरतात आणि अस्तराखालच्या जाळ्यात अडकून बसतात. जिथे रोहिणीला फाटा फुटतो किंवा वळण येते, तिथे रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाही आणि हे अधिक घडते. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूचा धूर अस्तराला आणखी बिघडवतात.

अडकलेल्या कणांचे रूप बदलते, त्यांचे ऑक्सिडीकरण होते. अस्तराच्या पेशींना आता ते परके, धोक्याचे वाटू लागतात. त्या आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करतात; वाहत्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना अडकून थांबतात, आत उतरतात, भक्षक पेशी बनतात आणि कण गिळू लागतात. हे त्यांचे नेमून दिलेले कामच आहे. इतर पेशींना पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले, की त्या आपले दार लावून घेतात. बिघडलेले कण गिळणाऱ्या भक्षक पेशीच्या दाराला मात्र कडीच नाही. ती खात राहते, फुगते, फेसाळते आणि अखेर तिथेच मरते. तिचे अवशेष उचलायला दुसऱ्या येतात, त्याही तशाच मरतात. लापशी साठत जाते. स्वच्छतेला आलेलीच पुढे कचऱ्यात भर घालतात.

यापुढची पायरी फार नंतर, २०१० साली, उजेडात आली. भक्षक पेशीत साठलेल्या कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक बनतात. पेशीच्या आत धोक्याची एक घंटा असते, ती या स्फटिकांमुळे वाजू लागते आणि 'इंटरल्यूकिन-१ बीटा' हा दाहाचा संदेश बाहेर पडतो. त्यामुळे आणखी संरक्षक पेशी धावत येतात. कोलेस्टेरॉल आणि दाह ही दोन वेगळी कारणे नव्हेत, हे इथे लख्ख दिसते. कोलेस्टेरॉलच दाह पेटवते आणि दाह अधिक कोलेस्टेरॉल भिंतीत ओढून आणतो. सरपण आणि आग यांत दोषी कोण, असा वाद सुज्ञ माणूस घालत बसत नाही.

अखेरचा घाव आवरणावर पडतो. रोहिणीच्या स्नायुपेशी त्या लगद्यावर कोलॅजेनचे घट्ट झाकण विणतात. ते जाड असेल तर माणूस चाळीस वर्षेही निर्धास्त जगतो. पण आत दाह धुमसत असेल, तर भक्षक पेशी कोलॅजेन विरघळवणारी विकरे सोडतात आणि नव्या कोलॅजेनची वीण मंदावते. झाकण झिजते, एके दिवशी फाटते. आतला लगदा रक्ताला भिडताच, जखम झाली असे समजून रक्त गोठते. काही मिनिटांत गुठळी तयार होते, आणि ती गुठळी वाट बंद करते. जे वर्षानुवर्षे साचत होते त्याने नव्हे, तर जे क्षणात फाटले त्याने झटका येतो. कालपर्यंत धावणारा माणूस आज कोसळतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता औषधांकडे वळू या, कारण गोळी बंद करण्याचा निर्णय घरोघरी होतो आणि तो या इतिहासाकडे पाठ फिरवून होतो. अमेरिकेत डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी काही घराण्यांतील मुलांचा अभ्यास केला. या मुलांच्या रक्तात जन्मतःच एलडीएल अतोनात असे आणि विसाव्या वर्षाच्या आतच त्यांना हृदयविकार गाठत असे. एलडीएल रक्तातून उचलणारे पेशीवरचे दारच त्यांच्याकडे सदोष होते. या शोधाला १९८५ सालचे नोबेल मिळाले. ही मुले तंबाखू ओढणारी नव्हती की मधुमेही नव्हती. कोलेस्टेरॉल निरुपद्रवी आहे असे म्हणणाऱ्याने या मुलांचे काय, याचे उत्तर द्यायला हवे.

त्याच सुमारास जपानमध्ये अकिरा एंडो हा शेतकरी घरातला संशोधक बुरशींच्या मागे लागला होता. एखादी बुरशी शत्रूपासून बचावासाठी कोलेस्टेरॉल घडवणारी क्रियाच रोखत असेल, अशी त्याची कल्पना. सहा हजारांहून अधिक बुरशी तपासल्यावर, क्योतोच्या धान्याच्या दुकानातील तांदळावर मिळालेल्या निळसर-हिरव्या बुरशीत १९७३ साली त्याला हवे ते द्रव्य सापडले. स्टॅटिन या औषधकुळाचा तो पूर्वज. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला : स्टॅटिन घेणाऱ्यांत सुमारे साडेपाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले.

तरीही कोडे उरले होते. उत्तम औषधोपचार चालू असूनही काहींना पुन्हा झटका येई. अमेरिकेत बॉस्टनचे पॉल रिडकर यांनी रक्तातील 'सीआरपी' या प्रथिनाकडे लक्ष वेधले. शरीरात कुठेही दाह असला की यकृत ते सोडते. सीआरपी जास्त असलेल्या, वरवर निरोगी माणसांतही पुढे झटक्याचे प्रमाण अधिक आढळले. पण स्टॅटिन कोलेस्टेरॉलही उतरवते आणि सीआरपीही. मग फायदा नेमका कशाचा? हे वेगळे करायचे तर कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी करणारे औषध हवे होते. ती चाचणी 'कॅन्टोस' या नावाने झाली आणि २०१७ साली तिचा निकाल आला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी काहींना इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवणारे इंजेक्शन दिले गेले. एलडीएल जराही कमी झाले नाही, तरी मधल्या मात्रेत झटके, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. फिर्खोचे म्हणणे दीडशेहून अधिक वर्षांनी माणसात सिद्ध झाले, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र याच चाचणीत जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. संरक्षक दलाला बांधून ठेवले तर खरा शत्रू आल्यावर कोण लढणार? पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या दाहशामक औषधाची चाचणी अपयशी ठरली. म्हणजे कोणताही दाह कसाही कमी करून चालत नाही. ही गोष्ट ठासून सांगण्यासारखी आहे, कारण 'दाह' हा शब्द कानी पडताच काही जण गुडघेदुखीची गोळीच हृदयासाठी चांगली समजू लागले आहेत. वस्तुस्थिती उलट आहे. ॲस्पिरिन सोडले तर बहुतेक वेदनाशामक गोळ्या नियमित घेतल्यास हृदयाचा धोका वाढवतात. रोफेकॉक्सिब नावाची अशीच एक गोळी २००४ साली जगभरातून मागे घ्यावी लागली. हळदीचे दूध सुखाने प्यावे. ते झटके टाळते असे कोणत्याही मोठ्या चाचणीत दिसलेले नाही.

या कथेत एक ओळखीचे झाडही आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी. तमिळनाडूत तिच्या बियांसाठी शेती होते आणि तेच त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे. तिच्यात कोल्चिसिन हे द्रव्य असते. संधिवाताच्या गाउट या प्रकारावर ते फार जुने औषध. ज्यांना हृदयविकार आधीच जडला आहे अशा रुग्णांवर अल्प मात्रेत, अर्धा मिलिग्रॅम रोज, त्याच्या चाचण्या झाल्या. २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत लाभ दिसला, २०२४ च्या तिसऱ्या चाचणीत दिसला नाही. प्रश्न अजून खुला आहे. कळलावीचा कंद मात्र जहाल विषारी आहे आणि त्याने माणसे दगावली आहेत. त्यामुळे परसातल्या वेलीकडे कोणी औषध म्हणून पाहू नये. मोजून दिलेली गोळी आणि उकळलेला कंद यांत जीवन-मरणाचे अंतर आहे.

मग "कोलेस्टेरॉल नॉर्मल होते" याचा अर्थ काय लावायचा? एक तर 'नॉर्मल' म्हणजे बहुतेकांच्या रक्तात आढळते तेवढे. ते रोहिणीला मानवतेच असे नाही. मधुमेही किंवा पूर्वी झटका येऊन गेलेल्या माणसासाठी एलडीएलची मर्यादा शेजाऱ्यापेक्षा पुष्कळ खाली असते. अहवालावर छापलेला आकडा सर्वांसाठी एकच असतो, धोका प्रत्येकाचा वेगळा. दुसरे असे, की आजचा आकडा आजचा असतो आणि भिंतीने वीस-तीस वर्षांचा हिशेब साठवलेला असतो. सीआरपीचेही तसेच. सर्दी-पडसे असताना किंवा दात ठणकत असताना केलेली ती तपासणी हृदयाविषयी काहीच सांगत नाही.

भारतीयांना हा हिशेब लवकर चुकवावा लागतो. बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ आढळले, इतरत्र जवळपास ५९. नोकरीच्या ऐन काळात, मुलांची शिक्षणे चालू असताना हे घडते. त्याच अभ्यासाचा दिलासाही आहे. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, व्यायाम, आहार आणि मद्य या नऊ गोष्टींतच धोक्याचा सुमारे नव्वद टक्के वाटा सापडला, आणि तो सर्व देशांत जवळपास सारखा. यांतील बहुतेक गोष्टी रक्तातले कण किंवा भिंतीतला दाह, यांपैकी एकाला तरी खतपाणी घालतात. पोटाभोवतीची चरबी तर दोन्ही करते. इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. घराघरांत पुरुषाचे अहवाल फायलीत लावलेले असतात आणि ती फाईल जपणाऱ्या स्त्रीचा स्वतःचा एकही अहवाल तीत नसतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीचा धोका वाढत जातो, हे त्या घरात कोणाच्या गावी नसते.

पालकांसाठी एक जुनी नोंद महत्त्वाची. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयाची तपासणी करून १९५३ साली तिचे निष्कर्ष छापले गेले. त्यांचे सरासरी वय अवघे बावीस, आणि चारांपैकी तिघांच्या हृदयरोहिण्यांत विकाराच्या खुणा होत्या. भिंतीतल्या पहिल्या पिवळट रेषा शाळकरी वयातच उमटू लागतात, हे पुढे आणखी अभ्यासांनी दाखवले. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी पाहिलेल्या आनुवंशिक दोषाचे सौम्य रूप, म्हणजे एकाच पालकाकडून आलेला दोष, साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला असतो. तो बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, आणि मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ज्या घरात पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला पासष्टच्या आत हृदयविकाराने गाठले असेल, त्या घरातील मुलांचे एलडीएल शाळेच्या वयातच एकदा तपासावे. त्यासाठी उपाशी राहण्याचीही बहुधा गरज नसते.